इतिवृत्तात न आलेलं

लिएपायाच्या दोरखंड कारखान्यात,
जिथे आता दोर वळत नाहीत,
एकशे सतरा संग्रहालयं भिंतीला टेकून उभी होती.
सगळी बिननावाची. कागदावर नुसता आकडा.
नावं पाकिटांत, पाकिटं कपाटात,
कपाटाची किल्ली माझ्या गळ्यात.
मला मत नव्हतं.
मी इतिवृत्त लिहायचे
आणि कॉफी संपली की कॉफी.

पहिल्या दिवशी सत्तर गेली.
तज्ज्ञ माणसं इतकी भरभर चालतात
हे मला ठाऊक नव्हतं.
कुणाची चार महिन्यांची जागरणं,
त्यांच्यापुढे अकरा सेकंद.
"हे विमानतळ आहे."
"हे नुसतंच छप्पर."
बत्तिसाव्याच्या भिंती तिरक्या, तर ग्रासिंदा म्हणाली,
"ह्याने जन्मात एक चित्र टांगलेलं नाही,"
आणि पुढे गेली, चष्मा केसांत खोचत.
गुंडार्स प्रत्येकाला बर्फाचं वजन विचारायचा,
उधारी वसूल करायला आल्यासारखा.
लेम्बित खाली बसून जमिनीच्या पातळीवरून बघायचा,
एक डोळा मिटून,
आणि उठताना गुडघ्यांचा आवाज यायचा.
विझ्मा, अध्यक्ष, काहीच बोलायची नाही.
बोटाने मॉडेलवरची धूळ काढायची.

बाहेर वारा.
या गावात तो कधीचा भाडेकरू आहे,
आणि भाडं मात्र आम्हीच भरतो.

तिसऱ्या दिवशी दोनच उरली:
एकतीस, ज्यात कुणालाच काही खटकलं नाही,
आणि चौसष्ट,
ज्यात शेवटचं दालन रिकामं ठेवलेलं,
एक बाक, एक खिडकी, खिडकीत समुद्र.
"इथे चित्र कुठलं?" गुंडार्स.
"थकलेल्या माणसाला चित्र दिसतं का?" ग्रासिंदा.
हे दोन्ही मी लिहून घेतलं. नंतर खोडलं.

आउलिस चौसष्टपुढून हलेना.
पाऊण तास. हातातलं बिस्कीट तसंच.
इमारतीकडे नाही, तो झाडांकडे बघत होता:
हात न उचलता, शेंड्यापासून काढलेली झाडं,
जमिनीला पोचायच्या आत थांबलेली.
"हा हात माझ्या ओळखीचा आहे," तो म्हणाला.
"ओउलूला नऊ वर्षं
एका टेबलाच्या दोन बाजूंना बसलो आम्ही.
क्युल्लिक्की अशीच झाडं काढायची.
मग आमचं बिनसलं."
कशावरून, ते त्याने सांगितलं नाही.
"मला मत देता येणार नाही."
आणि एकाहत्तर वर्षांचा तो माणूस
कोट घेऊन बाहेर, वाऱ्यात, जाऊन उभा राहिला.

दोन विरुद्ध दोन.
अध्यक्षांचं मत निर्णायक.
विझ्माने बराच वेळ नखाखालची धूळ पाहिली.
एकतीस.

मी लिहिलं: एक सदस्य तटस्थ. कारण वैयक्तिक.

मग पाकिटं फोडली.
चौसष्ट: एलगुजा, रुस्तावी, जॉर्जिया. वय सव्वीस.
ओउलू त्याने नकाशावर तरी पाहिलं असेल का?
कुणी काही बोललं नाही.
रेडिएटरमध्ये पाणी गडगडलं.
आउलिसने कागद माझ्या हातातून घेतला,
नाव दोनदा वाचलं, ओठ हलवत,
कागदाची घडी जशी होती तशी घालून परत दिला.
"प्रामाणिकपणा," तो म्हणाला,
आणि ते वाक्य त्याने पुरं केलं नाही.

दाराशी मात्र मला थांबवून विचारलं,
"झाडं कुठे शिकला, लिहून विचाराल त्याला?"

विचारलं मी, उत्तेजनार्थ पत्राच्या तळाशी,
नियमात बसत नसताना.
तीन आठवड्यांनी उत्तर आलं, सुबक अक्षरात:
*आभारी आहे. झाडांचं म्हणाल तर
पेनातली शाई संपत आली होती,
आणि दुकान उघडायला सकाळ व्हायची होती.*

ते पत्र माझ्याकडेच आहे.
आउलिसला पाठवावं की नाही,
यावर मला मत आहे, आणि ते रोज बदलतं.

एकतिसाव्याचा पाया आता खणतायत.
चौसष्टचं मॉडेल परत धाडताना
त्यातला बाक निसटून पडला,
काडीपेटीतल्या काडीएवढा.
तो मी टेबलावर ठेवलाय, खिडकीकडे तोंड करून.
माझ्या खिडकीतून समुद्र दिसत नाही.
ट्रामचं वळण दिसतं,
आणि कधीमधी वाऱ्याला पाठ देऊन
तिकीट शोधणारं कुणीतरी.